पत्रा उतरवायचा दिवस

नाशिक जिल्ह्यातल्या वणीच्या आसपास उन्हाळ कांदा निघाला की तो चाळीत भरायचा आणि त्या चाळीवर सिमेंटचा पत्रा घालायचा, ही रीत इथल्या शेतकऱ्यानं अनुभवातून धरली आहे. लोखंडी पत्रा तापतो आणि खालचा कांदा उष्णतेनं खराब होतो. सिमेंटचा पत्रा त्यामानानं थंड राहतो. कांदाचाळीच्या आराखड्यांतही छपरासाठी कौलं किंवा सिमेंटचे पत्रे सुचवलेले असतात. त्याच कारणानं गाईगुरांचा गोठा, कोंबड्यांची शेड, द्राक्षबागेतल्या मजुरांच्या खोल्या, फवारणीचा ब्लोअर उभा करायची जागा, सप्तशृंगी गडाच्या वाटेवरच्या टपऱ्या अशा सगळ्यांवर हा राखाडी, नळीदार पत्रा चढला. तो स्वस्त आहे, गंजत नाही, पावसाचा आवाज कमी करतो आणि दोन पिढ्या टिकतो. दर दोन-चार वर्षांनी गवत बदलणाऱ्या आणि उन्हाळ्यात आगीला भिणाऱ्या घरांना या पत्र्यानं खरोखर आधार दिला, हे मान्य करूनच पुढचं बोलायला हवं.

हा पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट, ही गोष्ट मात्र दुकानात फारशी कोणी सांगत नाही. ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक यांनी विसाव्या शतकाच्या तोंडावर, 1900 च्या सुमारास, ही कृती शोधली: पाण्यात सिमेंट आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू कालवायचे, त्याचे पातळ थर रोलरवर एकावर एक चढवायचे आणि ओला पत्रा साच्यावर नाळी पाडून वाळवायचा. मातीच्या गिलाव्यात आपण भुसा किंवा काड घालतो, तसंच हे. तंतू नसतील तर सहा मिलिमीटर जाडीचा सिमेंटचा तुकडा स्वतःच्या वजनानं मोडेल. पत्र्यात ॲस्बेस्टॉसचं प्रमाण वजनाच्या साधारण 8 ते 10 टक्के असतं. उरलेल्यात सिमेंट, राख आणि कागदाचा लगदा. आपल्याकडच्या पत्र्यात वापरला जातो तो पांढरा ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल. भारतात त्याच्या खाणींना नवे पट्टे देणं 1986 पासून बंद आहे. कारखान्यांना लागणारा माल रशिया, कझाकस्तान, ब्राझील अशा देशांतून येतो, आणि ॲस्बेस्टॉस आयात करणाऱ्या देशांत भारत आज सर्वांत पुढे आहे.

वणीकरांना हे दूरचं वाटायचं कारण नाही. दिंडोरी तालुक्यातच लखमापूरला एव्हरेस्ट इंडस्ट्रीज या जुन्या कंपनीचा कारखाना आहे. म्हणजे याच मातीत माल घडतो, याच परिसरातल्या छपरांवर चढतो आणि वय झालं की इथंच उतरतो. यातला शेवटचा टप्पा सगळ्यांत कमी विचारात घेतलेला आहे, आणि धोका नेमका तिथंच दाटतो.

तंतूची गोष्ट आधी समजून घेऊ. ॲस्बेस्टॉस हा दगडच, पण तो उभा चिरत जातो. एक तंतू चिरला की त्यातून आणखी बारीक तंतू निघतात, आणि ते तीन मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. इतकी बारीक सुई डोळ्यांना दिसत नाही, तिला वास नाही, नाकात खाज नाही. साध्या धुळीचे मोठे कण नाकातल्या केसांत आणि घशातल्या ओलाव्यात अडकतात. ही सुई हवेच्या प्रवाहाला समांतर होऊन फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत पोचते. तिथल्या पेशी तिला गिळायला बघतात, पण लांब तंतू पेशीच्या आवाक्याबाहेर राहतो. पेशी मरते, दाह होतो, व्रण धरतो, आणि हे वर्षानुवर्षं चालत राहतं.

यातून फुप्फुस कडक होण्याचा ॲस्बेस्टॉसिस हा आजार होतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो, जो ॲस्बेस्टॉसखेरीज क्वचितच दिसतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. पांढरा असो, निळा असो की तपकिरी, ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसात कर्करोग घडवतात असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा स्पष्ट निर्वाळा आहे. जगभरात दरवर्षी दोन लाखांहून जास्त माणसं कामाच्या ठिकाणी झालेल्या ॲस्बेस्टॉसच्या संपर्कामुळे मरतात, असा त्या संघटनेचा अंदाज आहे. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगारांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2005 साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या दर पाच कामगारांमागे किमान एकाला ॲस्बेस्टॉसिस निघाला.

या आजारांची सगळ्यात वाईट खोड म्हणजे उशीर. आज श्वासातून तंतू गेला तर आजार वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी डोकं वर काढतो. गोठ्याचे पत्रे फोडताना शेजारी खेळणारं पाच वर्षांचं पोर पन्नाशीला धापा टाकू लागेल, तेव्हा डॉक्टरला तो दिवस कोण सांगणार? म्हणूनच गावात मागं वळून पाहिलं तर या पत्र्यानं मेलेला माणूस सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून तो निर्धोक मानला जातो.

आता दुसरी बाजू, तीही तितक्याच स्पष्टपणे. अखंड, घट्ट, न घासलेला पत्रा डोक्यावर आहे म्हणून घाबरून जायचं कारण नाही. त्यातले तंतू सिमेंटनं धरून ठेवलेले असतात. छपरावरून आलेलं पावसाचं पाणी पोटात गेलं तर काय, हा प्रश्न अनेकांना पडतो; पिण्याच्या पाण्यातल्या ॲस्बेस्टॉसपासून अपाय होतो असा ठाम पुरावा नसल्यानं जागतिक आरोग्य संघटनेनं त्यासाठी मर्यादाही घालून दिलेली नाही. धोक्याची वाट श्वासाची आहे. पत्रा कापला, ग्राइंडर लावला, हातोड्यानं फोडला, वरून खाली फेकला, ट्रॉलीच्या चाकाखाली चुरला, वायरच्या ब्रशनं शेवाळ खरवडलं, की सिमेंटची पकड सुटते आणि तंतू हवेत येतात. पत्रा म्हातारा होतो तशीही ही पकड सैल पडते. पावसानं वरचा सिमेंटचा थर झिजतो, दगडफूल धरतं, पृष्ठभाग खरबरीत, लव आल्यासारखा दिसू लागतो आणि पन्हाळीत राखाडी गाळ साठतो. त्या गाळात तंतू असतात. पन्हाळी कोरड्या झाडूनं साफ करणाऱ्या माणसाला हे माहीत नसतं.

तेव्हा आयुष्यभर गुमान राहिलेला पत्रा धोकादायक होतो तो मोडण्याच्या दिवशी. त्या एका दिवसासाठी आपल्याकडे काय व्यवस्था आहे?

कायद्यात पाहिलं तर व्यवस्था आहे, पण ती कारखान्याच्या फाटकाशी थांबते. केंद्र सरकारच्या 2016 च्या घातक व इतर कचरा व्यवस्थापन नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉस आणि ॲस्बेस्टॉसयुक्त वस्तूंच्या उत्पादनाची वेगळी नोंद आहे. त्या उत्पादनातून उरलेले अवशेष, टाकून दिलेला ॲस्बेस्टॉस, धूर-धूळ शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत जमलेली भुकटी, हे सगळं घातक कचऱ्यात मोडतं. असा कचरा निर्माण करणाऱ्यानं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्यायची, तो आपल्या आवारात साधारणपणे 90 दिवसांहून जास्त ठेवायचा नाही, नोंदवही ठेवायची, मंडळाला दरसाल विवरण द्यायचं, आणि कचरा हलवताना सोबत सात प्रतींचं पत्रक द्यायचं. पाठवणारा, वाहतूकदार, स्वीकारणारा आणि मंडळ, प्रत्येकाकडे त्याची प्रत राहते, म्हणजे वाटेत नाल्यात रिकामा झालेला ट्रक कागदावर पकडता येतो. ॲस्बेस्टॉसचा कचरा परदेशातून आणण्यावरही बंदी आहे.

हा कचरा जिथं न्यायचा त्या जागाही ठरलेल्या आहेत. महाराष्ट्रात घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून तो सुरक्षितपणे पुरणारी केंद्रं तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. तिथला खड्डा म्हणजे नुसता खड्डा नसतो. तळाला दाबलेल्या मातीचे आणि जाड प्लास्टिकच्या पटलाचे थर, झिरपणारं पाणी गोळा करायची सोय, भोवती तपासणीच्या विहिरी, वर रोज मातीचं आवरण, आणि कोणत्या भागात काय पुरलं याचा नकाशा. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत यातला नकाशा आणि मातीचं आवरण सर्वांत मोलाचं. हा कचरा कुजत नाही आणि विरत नाही. पण तंतू मातीतून फारसे सरकतही नाहीत. मातीखाली झाकलेले राहिले तर हवेत येत नाहीत. कोणी नकळत पुन्हा उकरू नये, एवढीच पुढच्या शंभर वर्षांची काळजी. अमेरिकेत ॲस्बेस्टॉस पुरणाऱ्या जागेवर चोवीस तासांच्या आत किमान 15 सेंटिमीटर दाबलेली माती टाकावी लागते. आपल्याकडेही भारतीय मानक ब्यूरोनं 1986 सालीच ॲस्बेस्टॉस कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी आयएस 11768 हे मानक तयार केलं. ज्ञान नव्यानं शोधायचं नाही, ते चाळीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे.

आता वणीतल्या एखाद्या शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघा. वळवाच्या वाऱ्यानं गोठ्याचे आठ पत्रे फुटले. त्याच्याकडे मंडळाची परवानगी नाही, तो कारखानदार नाही, सात प्रतींचं पत्रक त्यानं पाहिलेलं नाही. तळोजा किंवा रांजणगाव त्याच्यापासून दोनशे किलोमीटरच्या घरात. नियमांची अनुसूची उत्पादनाबद्दल बोलते, त्याच्या छपराबद्दल गप्प आहे. 2016 च्याच घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्याची व्याख्या होती. तिच्यात रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या आणि सुया यांची नावं होती. सिमेंटच्या पत्र्याचं नाव नव्हतं. भंगारवाला लोखंडी पत्रा वजनावर नेतो, या पत्र्याला हात लावत नाही. मग उरतं काय? फुटका पत्रा बांधावर जातो, चिखलाच्या शिवाररस्त्यात भर म्हणून पडतो, ओढ्याच्या काठी ढीग होतो, खळ्याच्या कडेला शेळ्यांना आडोसा होतो. त्यावरून ट्रॅक्टर जातात, आणि उन्हाळ्यात त्याच रस्त्याची धूळ उडते.

कामगाराच्या बाबतीत आपल्या न्यायव्यवस्थेनं किती लांबचा विचार केला होता, हे इथं आठवतं. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 27 जानेवारी 1995 ला निकाल दिला. ॲस्बेस्टॉस कामगाराचं आरोग्य हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं ठरवलं. त्याच्या तपासणीच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून 15 वर्षं, यांतला जो काळ नंतर संपेल तोवर जपायला सांगितलं, आणि आजार सिद्ध झालेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई द्यायला लावली. हा आजार चाळीस वर्षं दबा धरून बसतो हे न्यायाधीशांनी ओळखलं होतं. त्या कामगारानं बनवलेला पत्रा मात्र फाटकाबाहेर पडला की त्याच्यामागं एका दिवसाचीही नोंद राहत नाही. पुढं सरसकट बंदीची मागणी घेऊन केलेली याचिका न्यायालयानं 2011 साली फेटाळली. बंदी घालायची की नाही हे संसदेनं आणि सरकारनं ठरवायचं. साठाहून अधिक देशांनी ती घातली आहे. आपणही ती घालावी असं मला मनापासून वाटतं, पण उद्या बंदी आली तरी आज छपरांवर असलेले पत्रे उतरायचेच आहेत.

2006 साली या विषयावर देशभर चर्चा झाली होती. फ्रान्सची क्लेमेन्सो ही जुनी विमानवाहू नौका मोडायला गुजरातमधल्या अलंगकडे निघाली होती. तिच्या पोटात ॲस्बेस्टॉस होता. आंदोलनं झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं आणि फेब्रुवारीत फ्रान्सच्या अध्यक्षांनी नौका अर्ध्या वाटेवरून परत बोलावली. ती शेवटी इंग्लंडमधल्या हार्टलपूलला काळजीनं मोडली गेली. एका नौकेसाठी जी काळजी योग्य ठरली, तिची छोटी आवृत्ती गोठ्यासाठीही शक्य आहे.

ती कशी, हे जरा सविस्तर सांगतो, कारण इथं पैशांपेक्षा सवय जास्त लागते.

पहिला प्रश्न, उतरवायची गरज आहे का? पत्रा धड असेल तर त्याला राहू द्यावं. त्यावर सोलर किंवा टाकीसाठी छिद्रं पाडू नयेत. एखादी चीर असेल तर वरून रंगाचा किंवा सीलंटचा जाड थर देता येतो, पण त्याआधी घासायचं नाही आणि प्रेशरच्या पाण्यानं तर मुळीच धुवायचं नाही. ते पाणी तंतू भिंतीवर, अंगणात, शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकतं. पत्रा ॲस्बेस्टॉसचा आहे की बिनॲस्बेस्टॉसचा, हे नुसतं पाहून कळत नाही. हल्ली कृत्रिम तंतूंचे पत्रेही मिळतात. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच चालावं.

उतरवायचाच असेल तर सकाळी, वारा पडलेला असताना. मुलंबाळं, गुरं, चारा, कांदा, वाळत घातलेले कपडे आधी दूर न्यायचे. पत्र्यावर पाय द्यायचा नाही, आणि याचं तंतूंशी काही देणंघेणं नाही: जुना पत्रा पायाखाली अचानक तुटतो आणि माणूस सरळ खाली जातो. कैच्यांवर आडव्या फळ्या टाकून काम करायचं. फवारणीच्या पंपानं पत्रा हलक्या दाबावर दोन्ही बाजूंनी भिजवायचा, पाण्यात थोडी भांड्यांची साबण-पावडर टाकली तर पाणी नीट मुरतं. फवारणीचा पंप इथं प्रत्येक घरात आहे. आधी त्यातलं औषध नीट धुऊन काढायचं. ओला तंतू उडत नाही, एवढ्या एका गोष्टीनं निम्मी लढाई होते. मग जे-हूकच्या नटाला तेल सोडून तो पान्यानं सोडवायचा. नट गंजून बसला असेल तर हूक कापायचा, पत्रा नाही. ग्राइंडर पत्र्याला लागता कामा नये. तीन मीटरचा पत्रा सुमारे चाळीस किलोचा भरतो, तो दोघांनी धरून किंवा दोरीनं खाली सोडायचा. वरून टाकून दिला की क्षणात काम होतं आणि त्याच क्षणात सगळं बिघडतं.

तोंडाला रुमाल किंवा उपरणं बांधून या तंतूंपुढे काही उपयोग होत नाही, कारण कापडाच्या विणीतून ते सहज जातात. आयएस 9473 चा शिक्का असलेला एफएफपी 2, शक्यतो एफएफपी 3 दर्जाचा मुखवटा हवा, आणि तो चेहऱ्याला चिकटून बसायला हवा. दाट दाढी असेल तर हवा कडेनं आत जाते. अंगात पूर्ण बाह्यांचे, नंतर टाकून द्यायचे कपडे. ते घरी नेऊन इतर धुण्यात टाकायचे नाहीत. कामगारांच्या बायका नवऱ्याचे कपडे झटकून-धुऊन आजारी पडल्याची उदाहरणं जगभरच्या नोंदींत आहेत, आणि आपल्याकडेही धुणं बायकांच्याच वाट्याला येतं. जमिनीवर पडलेले तुकडे ओले करून हातमोज्यांनी वेचायचे. कोरडा झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि ते फडकंही तुकड्यांबरोबरच बांधायचं.

बांधायचं कशात? जाड प्लास्टिकमध्ये, दोन वेढे घेऊन. जगभर यासाठी साधारण 200 मायक्रॉनचं प्लास्टिक वापरतात. द्राक्ष-भाजीवाल्यांना हा हिशेब लगेच कळेल: मल्चिंग पेपर 25-30 मायक्रॉनचा, तो पत्र्याच्या कोपऱ्यानं फाटेल, शेततळ्याचा कागद 500 मायक्रॉनचा, त्याचे उरलेले तुकडे या कामाला उत्तम. वर मोठ्या अक्षरांत लिहायचं: ॲस्बेस्टॉस, फोडू नका. उचलून नेईपर्यंत हे गठ्ठे आडोशाला, सपाट जमिनीवर, मुलांच्या वाटेपासून दूर ठेवायचे.

काही वाटा सोप्या दिसतात, त्या का नकोत तेही सांगायला हवं. शेकोटीत पत्रा टाकला तर तो तडतडून फुटतो आणि तुकडे अंगावर येतात. विस्तवाच्या आचेनं तंतू मरत नाही. क्रायसोटाइलची रचना मोडायला आठशे अंशांच्या आसपासची उष्णता टिकवून धरावी लागते, आणि फ्रान्समधल्या मोर्सां इथला कारखाना त्याहून कितीतरी जास्त तापमानाला प्लाझ्माच्या ज्योतीनं त्याची काच करतो. हे चुलीचं काम नव्हे. दुसरी वाट, आपल्याच शेतात खोल पुरण्याची. ती बेकायदा विल्हेवाट आहे, आणि वणी-दिंडोरीच्या शिवारात तर ती फार काळ लपणारही नाही. इथं आज कांदा असलेल्या रानात उद्या द्राक्षबाग लागते, बाग लावताना जेसीबीनं चर खणतात, विहिरीचं, शेततळ्याचं खोदकाम होतं, पाइपलाइन पडते. पुरणारा विसरलेला असतो आणि खणणाऱ्याला माहीत नसतं. जमीन विकली गेली तर सातबाऱ्यावर याचा उल्लेख कुठं असतो?

जाता जाता गॅरेजवाल्यांसाठी एक गोष्ट. गडाच्या आणि सापुताऱ्याच्या घाटांत ब्रेक लवकर झिजतात. जुन्या ब्रेक लायनरमध्येही ॲस्बेस्टॉस असू शकतो, आणि ड्रम उघडून कंप्रेसरच्या हवेनं ती काळी भुकटी उडवणं ही सर्रास रीत आहे. ओल्या फडक्यानं पुसून घ्यावी, कंप्रेसर लावू नये.

इतर देशांनी जुन्या पत्र्यांची ही गाठ कशी सोडवली, यात आपल्याला जवळची वाटणारी दोन उदाहरणं आहेत, आणि दोन्ही खेड्यांची आहेत. दक्षिण कोरियात 1970 च्या दशकात गावं सुधारण्याच्या सरकारी चळवळीत गवताची छपरं काढून घरोघर ॲस्बेस्टॉसचे पत्रे घातले. लोकांना ते इतके निरुपद्रवी वाटत की पत्र्याच्या तुकड्यावर मांस भाजून खात. धोका पटल्यावर 2011 पासून सरकारनं त्याच ग्रामीण घरांचे पत्रे उतरवायला अनुदान द्यायला सुरुवात केली. ज्या सरकारनं छप्पर घालायला लावलं त्यानंच ते काढण्याचा खर्च उचलावा, हा त्यातला न्याय मला फार महत्त्वाचा वाटतो. पोलंडनं 1997 साली बंदी घातली आणि 2032 पर्यंत देशातला सगळा ॲस्बेस्टॉस उतरवण्याचा कार्यक्रम आखला. तिथं गावाच्या पातळीवरच्या स्थानिक संस्थेनं आपल्या हद्दीतल्या अशा छपरांची मोजदाद करायची, ती राष्ट्रीय नोंदवहीत भरायची, आणि उतरवण्याचा, वाहतुकीचा, पुरण्याचा खर्च सार्वजनिक निधीतून करायचा. नवं छप्पर सहसा घरमालकानं घालायचं. काम अपेक्षेहून सावकाश चाललं आहे, पण कुठं किती पत्रा आहे हे तिथल्या गावाला माहीत असतं.

वणीत हे जमेल का? एकेका घरानं तळोज्याला जाणं अशक्य आहे, पण गावाचा मिळून एक ट्रक भरतो. चाळीस पत्र्यांच्या एका शेडचं वजनच दीड टनाच्या वर जातं, म्हणजे माल कमी पडणार नाही. ग्रामपंचायतीनं एक बंद, छत असलेली जागा ठरवायची, लोकांनी वर सांगितल्याप्रमाणे बांधलेले गठ्ठे तिथं आणून द्यायचे, आणि ट्रक भरला की परवानाधारक वाहनातून ते प्रक्रिया केंद्रावर जायचे. यासाठी परवानगी कशी, कोणाच्या नावे आणि किती दिवसांच्या साठ्याची, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिकच्या प्रादेशिक कार्यालयानं, म्हणजे सातपूरच्या उद्योग भवनातून, लिहून दिलं पाहिजे. ग्रामसभेनं ठराव करून ते मागावं. ठराव आला की कार्यालयाला उत्तर द्यावं लागतं, आणि एका गावाला मिळालेलं उत्तर पुढच्या गावाला उपयोगी पडतं.

खर्चाचा वाटा उत्पादकांवरही यायला हवा. प्लास्टिक, ई-कचरा, बॅटऱ्या, टायर, वापरलेलं तेल या सगळ्यांत आपल्या देशानं उत्पादकाची जबाबदारी ठरवली आहे: विकलेला माल कचरा झाल्यावर तो परत गोळा करण्याचा भार उत्पादकानं उचलायचा. सिमेंटचा पत्रा या यादीत नाही. तो असावा, ही मागणी कोणा एका कंपनीविरुद्धची नाही, सगळ्या उद्योगासाठीची आहे. पत्रा घेऊन गावोगाव जाणारी वितरकांची साखळी या उद्योगाकडे आधीच आहे. तिनं तो परत का आणू नये?

सुरुवात मात्र याहून सोप्या जागी करता येईल. गारपीट किंवा वादळ झालं की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनाम्याला बांधावर येतात. घराचे, गोठ्याचे, चाळीचे किती पत्रे फुटले ते लिहितात, फोटो काढतात, कारण त्यावर भरपाई ठरते. म्हणजे फुटक्या पत्र्यांची मोजणी करणारी सरकारी माणसं आजही त्या तुकड्यांसमोर उभी राहतात. पंचनाम्याच्या त्याच नमुन्यात आणखी एक रकाना हवा: पत्रा सिमेंटचा की लोखंडी, तुकडे आता कुठं आहेत आणि ते कोण, कधी उचलणार. भरपाईच्या रकमेत मुखवटा, जाड प्लास्टिक आणि वाहतुकीसाठी थोडी वेगळी तरतूद हवी. आणि गोळा करणारी गाडी वर्षातून दोनदा यावी. एकदा मार्चअखेरीस, कांदा चाळीत पडायच्या आधी, जेव्हा लोक छपरं डागडुजीला काढतात. आणि दुसऱ्यांदा मे-जूनमध्ये, वळवाचे वारे येऊन गेल्यावर, शिवाररस्त्यांवर भर टाकायची घाई सुरू होण्यापूर्वी.